हजेरीचा ठसा आणि माणसाचा हक्क

रात्रपाळी सुटून दिवसपाळी भरण्याच्या वेळी भोसरी, चिंचवड, तळवडे आणि चाकण येथील कारखान्यांच्या गेटांवर माणसांच्या रांगा लागतात. पूर्वी तेथे हजेरीबाबू बसत असे. आता त्याच्या जागी भिंतीवर एक यंत्र आहे. कोणी त्यावर बोट टेकतो, कोणी त्याच्यापुढे तोंड करून उभा राहतो. यंत्राने ओळखले तर दार उघडते, न ओळखले तर कामगार कामावर आलाच नाही असे धरले जाते. या रांगांत आपले शेकडो धम्मबांधव आणि भगिनी आहेत. मराठवाडा, विदर्भ, सोलापूर या भागांतून गाव सोडून ते येथे आले, आणि त्यांतील बहुतेक कंत्राटदारामार्फत कामाला आहेत. त्यांच्या बोटांचे आणि चेहऱ्यांचे पुढे काय होते, याचा विचार करण्याची वेळ आली आहे असे आम्हांस वाटते.

वाचकहो, ठसा ही आपल्या समाजाला नवी वस्तू नाही. आपल्या आजोबांनी सावकाराच्या रोख्यावर अंगठा उठविला, कारण अक्षर त्यांच्यापर्यंत पोहोचू दिले गेले नव्हते. वडिलांनी शाळेत जाऊन सही शिकली, आणि ज्या दिवशी त्यांनी अंगठ्याऐवजी सही केली तो दिवस घरात सणासारखा झाला. आता आयटीआय झालेला, इंग्रजी वाचू शकणारा नातू पुन्हा अंगठा टेकवितो. आजोबांची लाचारी आणि नातवाची हजेरी यांत मोठे अंतर आहे, हे आम्ही जाणतो. परंतु एक प्रश्न दोघांपुढे सारखाच उभा आहे: ज्या कागदावर माझा ठसा उठतो त्यावर काय लिहिले आहे, आणि तो कागद कोणाच्या पेटीत राहणार आहे?

हजेरी या शब्दालाही इतिहास आहे. १८७१ च्या कायद्याने ज्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरविले, त्यांतील माणसांना पोलिसांपुढे नियमाने हजेरी द्यावी लागे. तो कायदा १९५२ साली रद्द झाला. महार वतनाची गोष्ट याहून वेगळी नव्हती. वतनदार महाराच्या कामाला वेळेची मर्यादा नव्हती. पाटलाने हाक मारली की त्याने हजर व्हावे, एवढाच नियम होता. या गुलामगिरीविरुद्ध डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक आणले. वतने कायद्याने जाण्यास मात्र १९५८ साल उजाडावे लागले. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात मजूरमंत्री होते. १९४६ साली कारखान्यातील कामाचे तास आठवड्याला ५४ वरून ४८ करण्यात आले, त्यामागे हाच विचार होता की मजुराच्या दिवसाचा काही भाग पूर्णपणे त्याच्या स्वतःच्या मालकीचा असला पाहिजे.

येथे एक गैरसमज दूर करणे अवश्य आहे. आम्ही यंत्राचे शत्रू नाही. यंत्र टाकून देऊन चरख्याकडे परत चला, असे सांगणाऱ्यांना बाबासाहेबांनी खडसावून उत्तर दिले होते. यंत्रामुळे माणसाला विसावा मिळतो, आणि विसाव्यावाचून मनाची उन्नती नाही, हे त्यांचे मत सर्वश्रुत आहे. हजेरीचे यंत्रही कामगाराचा मित्र होऊ शकते. कंत्राटदाराच्या वहीत खाडाखोड होते. यंत्राच्या नोंदीत जादा तासांचा हिशेब मिनिटासह राहतो. मात्र ती नोंद ज्याच्या ताब्यात असेल, त्याच्याच बाजूने ती बोलते. आमच्याकडे सल्ल्यासाठी येणाऱ्या कामगारांची तक्रार बहुधा एकच असते: ओतकामात, घासकामात किंवा रसायनात हात झिजलेले, यंत्र बोट ओळखीत नाही, आणि भरलेल्या दिवसाचा पगार कापला जातो. ज्या श्रमाने ठसा पुसला त्याच श्रमाची मजुरी ठसा नाही म्हणून नाकारावी, याला न्याय म्हणता येईल काय?

यंत्र गेटावरच थांबत नाही. २०१८ ते २०२० या काळात नागपूर, चंदीगड आदी शहरांतील सफाई कामगारांच्या मनगटावर त्यांचा ठावठिकाणा कळविणारी घड्याळे बांधण्यात आली. त्या घड्याळांमुळे शौचास जातानाही भीती वाटते, अशी तक्रार स्त्री-कामगारांनी केली. ज्या नागपुरात १४ ऑक्टोबर १९५६ रोजी लाखो माणसांनी मान ताठ केली, त्याच नागपुरात झाडू हातात असलेल्या माणसाच्या मनगटावर असा पहारा बसावा, आणि तेथील मोठ्या अधिकाऱ्यांच्या मनगटावर तो बसू नये, यातील भेद वाचकांच्या ध्यानात आल्यावाचून राहणार नाही. नवे साधन आले की त्याचा पहिला प्रयोग समाजातील तळच्या माणसावर होतो. ही जुनीच रीत आहे.

आता कायदा काय सांगतो ते पाहू. देहूरोड येथे २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाच्या आठ न्यायाधीशांनी, झडतीच्या एका प्रकरणात, आपल्या संविधानात खासगीपणाचा वेगळा हक्क सांगितलेला नाही अशा आशयाचे मत दिले. १९६२ साली खरकसिंग प्रकरणात पोलिसांनी रात्री-बेरात्री घरी येणे न्यायालयाने रद्द केले, परंतु खासगीपणाचा हक्क मान्य केला नाही. अखेर २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांनी एकमताने निर्णय दिला की खासगीपणा हा मूलभूत हक्क असून तो जीवित व स्वातंत्र्य यांच्या हक्कातच सामावलेला आहे. त्या निर्णयात आपल्या दृष्टीने एक महत्त्वाचे वचन आहे. धर्म निवडण्याच्या स्वातंत्र्यात, ती निवड जगाला सांगण्याचे किंवा न सांगण्याचे स्वातंत्र्यही येते, असा त्याचा आशय आहे. त्यापूर्वी २०१२ साली हिमाचल प्रदेशच्या उच्च न्यायालयाने, धर्मांतरापूर्वी सरकारी अधिकाऱ्यास नोटीस देण्याची सक्ती याच तत्त्वावर रद्द ठरविली होती.

कोणी विचारील, बौद्धांनी खासगीपणाची भाषा का बोलावी? आम्ही तर दीक्षा उघड्या मैदानात घेतली. आम्हांला लपविण्यासारखे काय आहे? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर स्पष्ट दिले पाहिजे. आपला धम्म लपविण्याची काहीच गरज नाही. जनगणनेत बौद्ध म्हणून नोंद करावी, आणि अभिमानाने करावी. २०२७ च्या जनगणनेत प्रत्येकाची जातही नोंदविण्याचा निर्णय सरकारने २०२५ साली जाहीर केला आहे. तेथील माहिती १९४८ च्या जनगणना कायद्याने गोपनीय ठेवली जाते आणि न्यायालयात पुरावा म्हणूनही वापरता येत नाही. परंतु स्वतःच्या तोंडाने, स्वतःच्या इच्छेने, आपण निवडलेल्या ठिकाणी सांगणे वेगळे. आणि आपल्याला न विचारता दुसऱ्याने आपल्या कागदांतून ते काढून घेणे वेगळे. पहिल्यात माणसाची प्रतिष्ठा आहे. दुसऱ्यात गावकीची जुनी नजर आहे, ती केवळ कॅमेऱ्याच्या काचेतून पाहते इतकेच.

ही कल्पनेतील भीती नाही. नोकरीवर घेताना कंत्राटदार वयाचा पुरावा म्हणून शाळा सोडल्याचा दाखला मागतो. महाराष्ट्रात त्या दाखल्यावर धर्म आणि जात लिहिलेली असते. तो दाखला मोबाइलवर छायाचित्र काढून एका हातातून दुसऱ्या हातात जातो. कंत्राटदार, त्याचा मुकादम, चौकशी करणारी संस्था, खोली देणारा दलाल, अशा किती जणांपाशी आपली जात पोहोचली हे आपल्याला कळत नाही. कळते ते एवढेच की काल रिकामी असलेली खोली आज भाड्याने गेली आहे, किंवा बढतीच्या यादीत आपले नाव नाही. गाव सोडून चाकणला आलेल्या माणसाने नव्या वस्तीत, नव्या धम्मात, नवे आयुष्य सुरू केले. गावची वेस मात्र कागदाच्या रूपाने त्याच्या मागे आली.

याला कायद्याचा प्रतिबंध किती? २०१८ साली न्यायमूर्ती श्रीकृष्ण समितीने केलेल्या मसुद्यात, आणि २०१९ च्या विधेयकात, जात व धर्मश्रद्धा यांना संवेदनशील माहिती म्हणून अधिक संरक्षण देऊ केले होते. ते विधेयक २०२२ साली मागे घेण्यात आले. त्यानंतर आलेल्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात संवेदनशील माहिती असा वर्गच उरला नाही. जात, बोटाचा ठसा आणि दुकानदाराला दिलेला मोबाइल क्रमांक, या सर्वांना एकच माप. शिवाय त्या कायद्याच्या सातव्या कलमाने नोकरीच्या प्रयोजनासाठी मालकाला संमतीवाचून माहिती वापरण्याची मुभा दिली आहे. आणि आपली माहिती काय ठेवली आहे हे पाहण्याचा अकराव्या कलमाचा हक्क मुख्यतः संमती दिलेल्या माणसाला आहे. जेथे संमतीच विचारली नाही, तेथे पाहण्याचाही हक्क डळमळीत होतो. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले, तरी मालकांवरील मुख्य बंधने लागू होण्यास त्यांत अठरा महिन्यांची मुदत ठेवण्यात आली. दंड २५० कोटी रुपयांपर्यंत आहे हे खरे. परंतु खोटी तक्रार केली असे ठरल्यास तक्रारदारालाही १०,००० रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे, हेही कामगाराने विसरू नये. या कायद्यात जात व धर्म यांना पूर्वीचे संरक्षण परत मिळाले पाहिजे, आणि नोकरीच्या नावाखाली दिलेली मुभा आवरली पाहिजे, ही आपली मागणी असली पाहिजे.

तोपर्यंत हात बांधून बसण्याचे कारण नाही. जे कायदे आज हाती आहेत त्यांचा उपयोग करावा. नवीन मजुरी संहिता आणि औद्योगिक संबंध संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आल्या आहेत. मजुरी संहितेनुसार हजेरी व वेतनाची नोंदवही ठेवणे आणि पगारचिठ्ठी देणे मालकावर बंधनकारक आहे. म्हणून पगारचिठ्ठी दरमहा मागून घ्यावी, जपून ठेवावी, आणि आपल्या पाळीचे तास आपल्या वहीत रोज लिहावेत. यंत्राने बोट नाकारले तर त्याच दिवशी मुकादमाकडून लेखी हजेरी घ्यावी. थकलेल्या मजुरीचा दावा तीन वर्षांच्या आत करता येतो, आणि कंत्राटदाराने मजुरी बुडविली तर मूळ मालकाची जबाबदारी सुटत नाही.

कामाचे तास, विश्रांतीची वेळ किंवा शिस्तीचे नियम यांत बदल करावयाचा असेल तर मालकाने २१ दिवसांची पूर्वसूचना द्यावी, हे तत्त्व १९४७ च्या कायद्यापासून चालत आले आहे आणि नव्या संहितेतही कायम आहे. नवे यंत्र जेव्हा या गोष्टींना हात घालते तेव्हा संघटनेने ही सूचना मागावी. वीस किंवा अधिक कामगार असतील तेथे तक्रार निवारण समिती असली पाहिजे. तिच्यापुढे लेखी प्रश्न ठेवावेत. कोणती माहिती घेता? ती कोणाला देता? मी नोकरी सोडल्यावर माझा ठसा केव्हा पुसणार? प्रश्न लेखी असावा आणि त्याची पोच घ्यावी.

दाखल्याऐवजी वयाचा दुसरा पुरावा चालत असेल तर तोच द्यावा. आधारची प्रत देताना पहिले आठ अंक झाकलेली प्रत मिळते, तीच वापरावी. जातीचा दाखला हा शासनाच्या सवलतींसाठी आहे. १९९० साली अनुसूचित जातींच्या आदेशात दुरुस्ती होऊन बौद्धांनाही तो हक्क मिळाला. तो मिळविण्यास जवळजवळ तीन तपे लढावे लागले. खासगी कंत्राटदाराला त्याचे काही काम नाही. त्याने मागितला तर कारण लेखी मागावे. भगिनींनी हे ध्यानी घ्यावे की कपडे बदलण्याच्या किंवा शौचाच्या जागी चित्रण करणे हा भारतीय न्याय संहितेच्या ७७ व्या कलमाखाली गुन्हा आहे, आणि कामाच्या ठिकाणच्या छळाविरुद्ध २०१३ च्या कायद्याची समिती आहे.

आणि शेवटी आपल्या घराकडेही पाहिले पाहिजे. दीक्षाविधीची छायाचित्रे, दीक्षितांची नावे, पत्ते आणि आधारक्रमांक असलेले अर्ज आपलेच कार्यकर्ते उत्साहाने मोबाइलवरून सर्वत्र पाठवितात. ज्या कुटुंबाने अजून गावातील नातेवाइकांना किंवा मालकाला सांगितलेले नाही, त्याचे नाव जगजाहीर करण्याचा अधिकार संस्थेला कोणी दिला? दीक्षा देणाऱ्या प्रत्येक संस्थेने संमती विचारावी, अनावश्यक माहिती घेऊच नये, आणि घेतलेली कुलपात ठेवावी. जे आपण मालकाकडून मागतो ते आधी आपण पाळले पाहिजे.

तथागताने कालामांना सांगितले की परंपरा आहे म्हणून, किंवा सांगणारा मोठा आहे म्हणून, कोणतीही गोष्ट स्वीकारू नका. ती स्वतः तपासून पाहा. यंत्राच्या बाबतीत हाच आपला मार्ग आहे. विहारात रविवारच्या वंदनेनंतर अर्धा तास काढा, आपली पगारचिठ्ठी आणि नियुक्तीचा कागद बरोबर आणा, आणि ज्याला वाचता येते त्याने इतरांना वाचून दाखवावे. जेथे सही करावयाची तेथे आधी वाचा. जेथे बोट टेकावयाचे तेथे आधी विचारा. आजोबांना विचारता आले नाही. आपल्याला ते येते, आणि ते येण्यासाठीच तर हा सारा लढा झाला.