सन्मानचिन्ह कुठून आणलंत?

गेल्या पंधरवड्यात माझा एका ठिकाणी सत्कार झाला. काम काही मोठं नव्हतं, पण बोलावलं म्हणून गेलो. शाल, श्रीफळ आणि एक सन्मानचिन्ह. सन्मानचिन्ह म्हणजे ॲक्रिलिकचा पारदर्शक तुकडा, त्यावर सोनेरी मोर, खाली माझं नाव आणि नावात एक काना कमी. घरी आणून कपाटात ठेवलं. त्या कपाटात असे आधीचे सहा आहेत. बायको म्हणाली, "आता कपाट नवीन घ्या."

हा कार्यक्रम सावंतवाडीत होता. ज्या हॉलमध्ये तो झाला तिथून चालत दहा मिनिटांवर चितार आळी आहे. हे वाक्य परत वाचा, कारण आजची सगळी पोस्ट त्याच्यावरच आहे.

माझ्याही डोक्यात हे त्या दिवशी आलं नाही. आलं ते दोन दिवसांनी, कोल्हापूरहून आमचे साडू सहकुटुंब आले तेव्हा. त्यांना आंबोली बघायची होती, वेंगुर्ल्याचा समुद्र बघायचा होता, आणि त्यांच्या लेकीला "ती लाकडी फळं मिळतात ना, ती" हवी होती. तिचं लग्न मार्गशीर्षात आहे. रुखवतात मांडायला.

आपल्या गावात पाहुणे घेऊन फिरलं की गाव जरा वेगळं दिसतं. एरवी मी बाजारात जातो तो मासे, भाजी आणि मोबाईलचं रिचार्ज यासाठी. त्या दिवशी मोती तलावाच्या काठानं राजवाड्यापर्यंत गेलो, मग बाजारात शिरलो. साडू मधेमधे थांबत होते. काजूच्या दुकानापुढे थांबले, खडखड्या लाडवांपुढे थांबले, कोकमाच्या आगळाचा वास घेतला. एका जुन्या दुकानाच्या फळ्या बघून म्हणाले, "काय राव, आमच्याकडं सगळी शटरं झाली. ही फळ्यांची दारं अजून हाईत तुमच्याकडं." मी मनातल्या मनात म्हटलं, किती दिवस कोण जाणे. कारण त्या फळ्यांच्या दोन्ही बाजूंना काचेची दारं आणि एलईडीचे बोर्ड लागलेत.

मग चितार आळी. ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो (आणि सावंतवाडीत राहून पाहिली नाही असे बरेच आहेत, लाजू नका). चितारी समाजाची ही आळी. संस्थानच्या काळापासून इथं लाकूड कापायचं, कातायचं, रंगवायचं काम चालत आलं. पाट, चौरंग, पाळणे, पोळपाट-लाटणं, भातुकली, भोवरे, बैलगाड्या, आणि ती प्रसिद्ध फळं: आंबा, केळी, सीताफळ, फणस, लांबून बघितलं तर हात पुढे जाईल अशी. फळांना पांगाऱ्याचं लाकूड, कारण ते हलकं. लाकूड आधी सुकवायचं, मग आकार द्यायचा, घासायचं, भेगा बुजवायच्या, अस्तर द्यायचं, परत घासायचं, आणि मग रंग. रंग हा शेवटचा भाग आहे. आपण दुकानात उभे राहून फक्त तोच बघतो आणि म्हणतो, "एवढ्याशा आंब्याला एवढे?"

साडूंनी दुकानदाराला तोच प्रश्न विचारला जो प्रत्येक पाहुणा विचारतो. "हे सगळं इथंच करतात ना?"

काका माझ्याकडे बघून हसले. मग एकेका फळीकडे बोट दाखवत म्हणाले, "ह्या हयसरचा. ता भायरचा, चन्नपट्टणचा. खोटा कित्याक सांगू?"

बाहेरचा माल दुकानात जवळजवळ निम्मा होता. चन्नपट्टण म्हणजे कर्नाटकातलं, तेही लाखेच्या खेळण्यांसाठी नावाजलेलं गाव. तिथले कारागीर काही आपले शत्रू नाहीत. पण तो माल "सावंतवाडीची खेळणी" म्हणून जातो, तेव्हा आपण दोन्ही गावांना फसवतो. मी विचारलं, मग तशी चिठ्ठी का लावत नाही? काका म्हणाले, "गिराइकाक दोनय सारकीच दिसतत. हयसरच्याचो भाव सांगलो काय तो भायरचा उचलता." म्हणजे चिठ्ठी लावली तर इथला माल पडून राहणार, आणि नाही लावली तर इथल्या मालाचं नाव दुसऱ्याच्या भावात विकलं जाणार. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

त्यांचा मुलगा रोज मोटारसायकलने गोव्यात कंपनीत जातो. "झील गोव्याक जाता कामाक. म्हयन्याक पगार येता. हय काय येता?" हे ते रडत नव्हते सांगत, मुलाचं कौतुक करत होते. आपल्यातल्या किती घरांतून सकाळी असाच डबा भरून निघतो ते आपल्याला माहीत आहे, त्यामुळे त्या पोरानं रंधा धरावा असं मी सांगणार नाही. माझ्या मुलाला मी सांगितलं नसतं.

आता बाजाराचं काय होतंय यावर आपल्याकडे ठरलेली उत्तरं आहेत. झाराप–पत्रादेवी बायपास झाला आणि गोव्याला जाणारी गाडी शहरात शिरेनाशी झाली. स्टेशन मळगावात, शहरापासून सात-आठ किलोमीटर. टर्मिनस रखडलेलं (त्यावर मी आधी भरपूर लिहिलंय, आज नको). चिपीचा विमानतळ, मोपाचा विमानतळ. पर्यटक आला तर बाजार जगेल, हे वाक्य प्रत्येक निवडणुकीत दोन्हीकडचे लोक बोलतात. खोटंही नाही. पण मला ते अर्धवट वाटायला लागलंय.

कारण पर्यटक यायच्या आधी ही आळी कशावर चालत होती? आपल्यावर. घरात लग्न निघालं की पाट, चौरंग, रुखवताची फळं, पोरीबरोबर जायची भातुकली. बाळ झालं की पाळणा आणि पांगुळगाडा. गणपतीला चौरंग नवा किंवा जुनाच रंगवून. माझ्या आजीचा पाट याच आळीतला, अजून घरात आहे, एक पाय बदललाय फक्त. पर्यटक वर्षातून एकदा येऊन एक आंबा आणि दोन भोवरे घेऊन जातो, तेही घासाघीस करून. आळीचं पोट भरलं ते तालुक्यातल्या लग्नांनी.

आणि ते आपण बंद केलं. दुसऱ्यांना बोलायच्या आधी स्वतःचं सांगतो. चार वर्षांपूर्वी माझ्या पुतणीच्या लग्नात रुखवत आम्ही ऑनलाइन मागवलं. सेट आला होता, खोक्यात, फोमची फळं आणि वर थर्माकोलचं देऊळ. फोटो छान आले. लग्नानंतर महिन्याभरात त्यातलं एकही फळ धड नव्हतं. चितार आळीत जायला दहा रुपयांचं पेट्रोल लागलं नसतं, पण मोबाईलवर रात्री अकरा वाजता ऑर्डर झाली आणि आपण मोकळे. मी तेव्हा काही बोललो नाही. उलट पैसे मीच भरले.

राजवाड्यातली गोष्ट आपण अभिमानाने सांगतो, पण तिचा अर्थ नीट घेत नाही असं मला वाटतं. गंजिफा, म्हणजे ते गोल हाती रंगवलेले पत्ते, जवळजवळ संपले होते. दशावतारी गंजिफात 120 पत्ते असतात, दहा अवतारांचे दहा रंग आणि प्रत्येकात बारा पाने, राजा आणि प्रधान धरून. जुन्या पद्धतीत कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवून पत्ता करायचा, घोटायचा, आणि मग एकेक हाताने रंगवायचा. जाणते कारागीर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले असताना शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी ते हातात घेतलं. राणीसाहेब स्वतः बसून शिकल्या. कारागिरांना राजवाड्यातच बसायला जागा दिली, आणि त्यांच्याकडून काम करून घेऊन ते विकायची सोय केली. आजही दरबार हॉलमध्ये रंगवणारे हात दिसतात. आता गंजिफाला भौगोलिक मानांकनही मिळालं, आनंदच आहे. पण मानांकन आलं ते कला जिवंत होती म्हणून, आणि ती जिवंत राहिली ती कुणीतरी दर महिन्याला काम दिलं म्हणून. भाषणात "आपला वारसा" म्हटल्याने एकाही पत्त्यावर रंग चढला नाही.

मग मला ते कपाट आठवलं.

आपल्या एका तालुक्यात वर्षाला सत्कार किती होत असतील? दहावी-बारावीचे गुणवंत. निवृत्त शिक्षक. भजन स्पर्धा, दशावतार महोत्सव, क्रिकेटच्या टुर्नामेंटा, पतसंस्थांच्या सभा, ग्रामपंचायतीचे कार्यक्रम, गणेशोत्सव मंडळं, व्यापारी संघ. प्रत्येक ठिकाणी पाच ते पन्नास सन्मानचिन्हं. सगळी ॲक्रिलिक, फायबर नाहीतर प्लास्टिकवर सोनेरी मुलामा, बहुतेक बाहेरच्या शहरातून ठोकमध्ये आलेली. आकडा माझ्याकडे नाही, पण तुमच्या घरातलं कपाट उघडा आणि तुम्हीच अंदाज करा.

या सगळ्यांनी नुसती निम्मी ऑर्डर चितार आळीत दिली तर? लाकडी पाट, छोटा चौरंग, रंगवलेली परडी, गंजिफाचा एकच पत्ता चौकटीत घालून. दहावीत पहिल्या आलेल्या मुलीला सोनेरी मोरापेक्षा बसायचा पाट दिला तर तो तिच्या मुलीपर्यंत जाईल. आणि अंगणवाड्यांची खेळणी? ज्या गावचं नाव लाकडी खेळण्यांमुळे माहीत, तिथल्या अंगणवाडीत मी प्लास्टिकची घसरगुंडी आणि चाक तुटलेली ट्रॅक्टर-ट्रॉली बघितलीय.

हे मी परवा दोन-तीन मंडळांत बोललो. जी उत्तरं आली ती मांडतो, कारण त्यात तथ्य आहे.

पहिलं, महाग पडतं. पडतं. पण पन्नास माणसांना देण्याऐवजी पंधरा जणांना द्या. व्यासपीठावर बसलेल्या सगळ्यांचा एकमेकांनी सत्कार करायची पद्धत थांबली तरी बजेट निम्म्यावर येईल. (हे वाचून काही जण रागावणार आहेत. रागवा.)

दुसरं, कारागीर वेळेवर देत नाहीत. हेही खरं आहे आणि मी त्यांची बाजू घेणार नाही. "पुढच्या सोमवारी" म्हणजे कुठला सोमवार हे विचारून घ्यावं लागतं. दुपारी 1 ते 4 दुकान बंद, आणि आंबोलीहून पाहुण्यांची गाडी नेमकी दीड वाजता येते. वामकुक्षी मलाही प्रिय आहे, पण आळीतल्या दुकानांनी आपसात पाळी लावून दोन दुकानं दुपारी उघडी ठेवली तर कोणाचं काही बिघडणार नाही.

तिसरं सगळ्यात अवघड. सरकारी किंवा संस्थेची खरेदी असली की जीएसटीचं बिल लागतं, तीन कोटेशनं लागतात, आणि सगळ्यात कमी दराचं घ्यावं लागतं. पडवीत बसून पाट रंगवणारा माणूस कोटेशन टाईप करून देत नाही. दिलं तरी कमी दरात तो हरणारच, कारण समोर मशीनचा माल आहे. इथं नगरपरिषद, पंचायत समिती आणि आपले लोकप्रतिनिधी यांचं काम आहे. खरेदीच्या अटीतच "स्थानिक हस्तकारागिराने बनवलेली लाकडी वस्तू" असं लिहून घेतलं तर तुलना पाटाची पाटाशी होईल, पाटाची प्लास्टिकशी नाही. बिलासाठी आळीतल्या पाच-सहा जणांनी एकत्र नोंदणी करावी, आणि ती करून द्यायला आपल्यातले दोन निवृत्त बँकवाले पुरे आहेत. तुम्ही दोघं हे वाचताय हे मला माहीत आहे.

आणि "इथलं" आणि "बाहेरचं" अशा दोन वेगळ्या फळ्या. चिठ्ठ्यांसकट. सुरुवातीला त्रास होईल. पण काकांनी खरं सांगितल्यावर त्या दिवशी काय झालं तेही सांगतो. साडूंनी बाहेरचं एक खेळणं घेतलं, नातवाला. आणि लेकीच्या रुखवतासाठी इथली फळं, पूर्ण परडी. घासाघीस केली, कोल्हापूरचे आहेत. पण भावजींनी शेवटी पैसे देताना म्हटलं, "खरं बोलला म्हणून घेतोय." फळं तयार नव्हती. ऑर्डर देऊन गेले, मी पाठवायची आहेत.

ती आणायला गेलो होतो काल. सात फळं झालीत, सीताफळ राहिलंय. त्याच वेळी मी बारा पाटांची ऑर्डर दिली. आमच्या वाचनालयाचा कार्यक्रम आहे, अध्यक्षांना फोनवर विचारलं, ते आधी म्हणाले बघू, मग म्हणाले बारा नको, आठ. आठ तर आठ. उरलेले चार मी घेतो, घरात दोन लग्नं यायची आहेत.

तुमच्या मंडळाचा, शाळेचा, पतसंस्थेचा कार्यक्रम असेल तर मला कळवा. मी बरोबर येतो आळीत. फक्त दुपारी 1 ते 4 सोडून.