कासवांचा खर्च कोणाच्या खाती?

पहिल्या वर्षाच्या वर्गात मी तीस वर्षे एक व्याख्या सांगत आलो. जिचा पुरवठा गरजेहून अधिक असतो आणि जिच्यासाठी किंमत मोजावी लागत नाही, ती मोफत वस्तू; उदाहरणार्थ हवा, सूर्यप्रकाश, समुद्रकाठची वाळू. विद्यार्थी ती पाठ करीत आणि मी तिला उत्तरपत्रिकेत दोन गुण देत असे. निवृत्तीनंतर वेळासच्या पुळणीवर मार्चमधल्या एका सकाळी ही व्याख्या मला प्रथमच खोटी वाटली.

वेळास हे मंडणगड तालुक्यातले, बाणकोटजवळचे गाव. पूर्वी ते नाना फडणविसांचे मूळ गाव म्हणून सांगितले जाई. आता कासवांचे गाव म्हणून ओळखले जाते. पुळणीवर जाळीचे कुंपण घातलेले असते. आत ओळीने घरटी, प्रत्येकावर पालथी टोपली. सकाळी टोपली उचलली जाते. त्या दिवशी खाली दोन-अडीच बोटे लांबीची बावीस काळपट पिले एकमेकांच्या अंगावरून धडपडत होती. त्यांना थेट पाण्यात सोडत नाहीत. ओल्या वाळूवर ठेवतात आणि पुढचे अंतर त्यांचे त्यांनी तोडायचे असते. पहिल्या लाटेने बहुतेकांना उलटे पाडून परत आणले. दोरीमागे उभ्या असलेल्या शहरी मंडळींपैकी एका गृहस्थांनी, हे जरा लवकर आटोपता येईल का, अशी पृच्छा केली. त्यांना परतीची गाडी गाठायची होती.

ऑलिव्ह रिडले जातीच्या या कासवाची मादी साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात रात्री वाळूवर चढते, भरतीरेषेच्या वर खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालते, खड्डा बुजवते आणि निघून जाते. पुढचे ४५ ते ६० दिवस अंडी वाळूच्या उबेवर सोपवलेली. वाळू अधिक तापली तर माद्या अधिक, थंड राहिली तर नर अधिक. हजार पिलांमागे एखादेच प्रौढ वयापर्यंत पोचते असे सांगतात. कोल्ही, कुत्री आणि माणूस या तिघांनी कोकणात ती अंडी पिढ्यानपिढ्या उकरली. खायला आणि विकायला ती मिळत, मग का उकरू नयेत? १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हा गुन्हा ठरला. पण कायदा रात्री दोन वाजता किनाऱ्यावर फिरत नसतो. चिपळूणच्या सह्याद्री निसर्गमित्र या संस्थेने २००२ साली येथे काम आरंभले आणि गावाने ते आपले मानले, तेव्हा कोठे अंडी वाचू लागली.

रात्री फिरणारा माणूस गावातलाच असतो. माझ्याशी बोललेला कासवमित्र पावसाळ्यात शेती करतो, हंगामात या कामाचे मानधन घेतो. घरटे सापडले की अंडी कुंपणात आणायची, वहीत संख्या मांडायची, दोन महिने राखण करायची. ‘‘सर, झोप तेवढी जाते,’’ एवढीच त्याची तक्रार. म्हणजे कासव वाचवण्याचा खर्च कोणी सोसला, तर उकरलेल्या अंड्यांवर पाणी सोडणाऱ्या गावाने आणि झोप मोडणाऱ्या या माणसाने. कासव-महोत्सवाला येणाऱ्या पर्यटकांमुळे काही घरांना निवास-भोजनाचे उत्पन्न मिळते, हे खरे आणि स्वागतार्ह आहे. तथापि ते ज्यांच्या घरी जादा खोली आहे त्यांना मिळते.

आता हिशेबाची दुसरी बाजू. कासव फुप्फुसाने श्वास घेते. तासन्‌तास ओढल्या जाणाऱ्या ट्रॉलरच्या जाळ्यात अडकले की गुदमरून मरते. जाळ्यात गजांची चौकट आणि वर सुटकेची फट बसवली, तर कोळंबी आत जाते आणि कासव बाहेर पडते. थोडी मासळीही निसटते, म्हणून ट्रॉलरमालक नाखूश असतात. १९९६ साली अमेरिकेने असे साधन न वापरणाऱ्या देशांची कोळंबी बंद केली, तेव्हा भारत, मलेशिया, पाकिस्तान आणि थायलंड जागतिक व्यापार संघटनेकडे गेले. १९९८ साली अपील मंडळाने निर्णय दिला, की कासव वाचवण्याचा हेतू ग्राह्य आहे, पण अमेरिकेने तो राबवताना देशादेशांत मनमानी भेदभाव केला. आम्ही तेव्हा श्रीमंत राष्ट्राची दादागिरी उघडी पडली म्हणून समाधान मानले, आणि ते रास्तच होते. परंतु आपल्या किनाऱ्यावर ट्रॉलरच्या नफ्यातून वगळला जाणारा खर्च कोण भरतो, हा प्रश्न आम्ही डाव्यांनीही तितक्या आवेशाने विचारला नाही, ही कबुली द्यायला हवी. रापण ओढणारा आणि ट्रॉलरमालक यांना ‘मच्छीमार’ या एकाच शब्दात कोंबले की मालकाची सोय होते. जाळे कापून कासव सोडणाऱ्याला २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना महाराष्ट्र सरकारने २०१८ च्या डिसेंबरात आणली. लहान होडीवाल्याला ती उपकारक आहे. ट्रॉलरला मात्र भरपाईआधी सक्ती हवी.

आणि खुद्द पुळण? नोव्हेंबर १९८१ मध्ये इंदिरा गांधींनी किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंत बांधकाम नको असे कळवले. १९९१ च्या अधिसूचनेने त्याला कायद्याचे रूप दिले, तेव्हा ग्रामीण किनाऱ्यावरचा पूर्ण निषिद्ध पट्टा २०० मीटरांचा झाला. २०१९ च्या अधिसूचनेने दाट वस्तीच्या ग्रामीण भागात तो ५० मीटरांवर आणला आणि भरतीरेषेपासून अवघे दहा मीटर सोडून पर्यटनाच्या तात्पुरत्या सोयींना वाट दिली. कासविणीची जागा नेमकी तेथेच असते. कासवांच्या विणीचे किनारे याच अधिसूचनेत अतिसंवेदनशील म्हणून राखीव आहेत हे खरे. परंतु ते रक्षण नकाशावर तशी नोंद असण्यावर अवलंबून. ओडिशात गहिरमाथ्याला हजारो माद्या एकदम येतात, तेथे नोंदीचा वाद उद्भवत नाही. आपल्याकडे एखाद्या गावी वर्षाला पाच घरटी असतात. त्या पाचांची नोंद त्या वहीत आहे, आणि वही कासवमित्राच्या घरी आहे. नकाशा करणाऱ्याने ती मागून घ्यावी आणि ग्रामसभेत वाचून दाखवावी.

२०२१ साली ओडिशात खूणपट्टी लावलेली एक मादी जानेवारी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालताना सापडली. पूर्व किनाऱ्यावरून पश्चिम किनाऱ्यावर आलेल्या या मादीला कोणत्या राज्याची मालमत्ता म्हणावे? तिला ओडिशाच्या नियमाने एका किनाऱ्यावर वाचवून दुसऱ्या किनाऱ्यावर ट्रॉलरच्या जाळ्यात घालणे परवडणारे नाही; म्हणून सुटकेच्या फटीची सक्ती दोन्ही किनाऱ्यांवर सारखी असली पाहिजे.

निघताना मी त्या कासवमित्राला विचारले, हंगाम संपल्यावर वहीचे काय करता? म्हणाला, ‘‘ट्रंकेत ठेवतो. मानधन बंद होते, पण कोणी विचारायला आला तर दाखवतो.’’ त्या वर्षी मी तिसरा विचारणारा होतो. आधीचे दोघे विद्यार्थी होते.