अपघाताची पुढची चाल

दर वर्षी ४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन येतो. कारखान्यांत शपथा होतात, फलक लागतात, व्यवस्थापकांसाठी व्याख्याने ठेवली जातात. अशा व्याख्यानांत बुद्धिबळाचा दाखला कानावर येतो: चांगला खेळाडू जसा चार चाली पुढचे पाहतो, तसे सुरक्षेची जबाबदारी असलेल्या माणसाने पाहावे. २०२४ मध्ये डी. गुकेश जगज्जेता झाला, २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने महिलांचा विश्वचषक जिंकला. त्यामुळे हा दाखला आता पटकन समजतो, आणि तो चांगलाही आहे. मात्र 'चार चाली पुढे' एवढाच धडा घेतला तर या खेळातले खरे शहाणपण निसटते. ते दोन शब्दांत आहे आणि गंमत म्हणजे दोन्ही शब्द खेळाडूंनी आम्हा डॉक्टरांकडून उसने घेतले आहेत.

पहिला शब्द 'प्रोफिलॅक्सिस', म्हणजे रोग होण्याआधीच केलेला प्रतिबंध. कुत्रा चावल्यावर आम्ही रेबीजची लस टोचतो, ती याच प्रकारातली. बुद्धिबळात ही कल्पना आरोन निम्झोविच यांनी १९२०च्या दशकात रुजवली. पुढे १९६३ ते १९६९ या काळात जगज्जेते असलेले तिग्रान पेट्रोस्यान त्यासाठीच ओळखले गेले. समोरच्याला काय करायचे आहे हे ओळखायचे आणि तो बेत आकाराला येण्याआधीच मोडायचा, ही त्यांची रीत. त्यांचे अनेक डाव बघणाऱ्याला कंटाळवाणे वाटत, कारण पटावर काही घडतच नसे. सुरक्षेचेही असेच आहे. काही न घडणे हेच यश असते, पण त्याचा फोटो निघत नाही.

कामाच्या ठिकाणी हा प्रतिस्पर्धी कोण? दाब, उष्णता, उंची, वीज, विषारी वायू आणि माणसाचा थकवा. सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागात प्रेस मशीनमध्ये बोटे गेलेले तरुण येतात. विचारपूस केली की पुष्कळदा एकच हकिगत निघते: यंत्राचे गार्ड काढून ठेवले होते, कारण गार्ड असले की माल कमी निघतो. नातेवाईक म्हणतात, जिवावरचे बोटावर निभावले. कागदावर मात्र 'कामगाराचा निष्काळजीपणा' असे कारण पडते. खरे तर ती चाल त्याआधीच कोणीतरी खेळलेली असते. टार्गेट वाढवणाऱ्याने ती खेळलेली असते, आणि काढलेल्या गार्डकडे रोज पाहून न पाहिल्यासारखे करणाऱ्यानेही.

सुरक्षाशास्त्रात उपायांची एक उतरंड सांगितली जाते. धोका मुळातच काढून टाकावा. ते शक्य नसेल तर कमी घातक पदार्थ किंवा पद्धत वापरावी. मग यंत्रातच अडसर बसवावा, त्यानंतर नियम आणि प्रशिक्षण, आणि सर्वांत शेवटी हेल्मेट व हातमोजे. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी सुरुवात या शेवटच्या पायरीपासून होते. राजाला शह बसेपर्यंत वाट पाहायची आणि मग घाईने एक प्यादे मध्ये सरकवायचे, तसा हा प्रकार.

सोंगट्या पटावर असणे आणि त्या खेळात असणे, यातही फरक आहे. भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यात २ डिसेंबर १९८४च्या रात्री मिथाइल आयसोसायनेटच्या टाकीत पाणी शिरले आणि टाकी तापत गेली. टाकी थंड ठेवणारी यंत्रणा काही महिन्यांपासून बंद होती. निसटलेला वायू जाळून टाकणाऱ्या मनोऱ्याची जोडणी काढलेली होती. वायू धुऊन निष्प्रभ करणारी यंत्रणा एवढ्या लोंढ्यापुढे अपुरी पडली. इशारेही मिळालेले होते. १९८१ मध्ये त्याच कारखान्यात विषारी वायूने एका कामगाराचा जीव घेतला होता आणि १९८२ मध्ये कंपनीच्याच तपासणी पथकाने त्रुटी दाखवल्या होत्या. बचावाच्या सोंगट्या पटावर होत्या, पण त्यांतली एकही त्या रात्री कामी आली नाही.

थकव्याचा मुद्दा वैद्यकीय आहे, म्हणून थोडा सविस्तर सांगतो. सिंगापूरला गुकेश आणि डिंग लिरेन यांच्यात १८ दिवसांत १४ डाव झाले. १२ डिसेंबर २०२४ रोजी शेवटचा डाव बरोबरीकडे चालला होता. तेव्हा डिंग यांनी ५५व्या चालीला हत्ती चुकीच्या घरात नेला आणि जगज्जेतेपद गेले. तोवरच्या जगज्जेत्याच्या हातून असे होत असेल, तर बारा तासांच्या पाळीच्या शेवटी व्हॉल्व्ह फिरवणाऱ्या कामगाराकडून आपण काय अपेक्षा करतो? सलग १७ तास जागलेल्या माणसाची सतर्कता रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाएवढी घसरते, असे १९९०च्या दशकातच प्रयोगांनी दाखवले आहे. दारू प्यायलेल्याला आपण यंत्रावर उभे करत नाही. डबल ड्यूटी करणाऱ्याला मात्र मेहनती म्हणतो.

दुसरा शब्द 'पोस्टमॉर्टेम'. डाव संपला की दोन्ही खेळाडू तिथेच बसून चाली पुन्हा मांडतात, त्याला ते हेच नाव देतात. जिंकणाराही आपली फसलेली चाल दाखवतो आणि थोडक्यात वाचलेला डावही तितक्याच बारकाईने तपासला जातो. आपण मात्र माणसे गेल्यावरच चौकशी नेमतो. जानेवारी २०२१ मध्ये भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातील आगीत १० नवजात बालके दगावली. एप्रिलमध्ये विरारच्या रुग्णालयात आग लागली, नोव्हेंबरमध्ये अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात. तिन्ही वेळा आग अतिदक्षता विभागात लागली, तिन्ही वेळा चौकशी झाली. डोंबिवली एमआयडीसीत २०१६ मध्ये स्फोटात १२ जण गेले. मे २०२४ मध्ये त्याच वसाहतीतल्या दुसऱ्या कारखान्यात स्फोट झाला आणि दहाहून अधिक जीव गेले. एका पटावरचा धडा शेजारच्या पटापर्यंत पोहोचत नाही, हे आपले जुने दुखणे आहे.

तो पोहोचवता येतो. अमेरिकेतील अल्कोआ या ॲल्युमिनियम कंपनीची सूत्रे १९८७ मध्ये पॉल ओनील यांनी घेतली, तेव्हा त्यांनी गुंतवणूकदारांसमोर नफ्याऐवजी कामगारांच्या सुरक्षेपासून सुरुवात केली. कुठेही दुखापत झाली तर त्या विभागाच्या प्रमुखाने २४ तासांत स्वतः कळवायचे आणि ती पुन्हा होऊ नये म्हणून काय करणार, तेही सांगायचे, असा दंडक घातला. कामाचा दिवस बुडवणाऱ्या दुखापतींचे प्रमाण पुढच्या काळात १०० कामगारांमागे १.८६ वरून सुमारे ०.२ पर्यंत उतरले.

बुद्धिबळाचा दाखला एका जागी मात्र सोडून द्यावा लागतो. पटावर प्याद्याचा बळी देणे ही कला मानली जाते. कारखान्यात कंत्राटी कामगार, हेल्पर, सफाई कामगार ही प्यादी नाहीत. आणि सोंगटी बोलत नाही, माणूस बोलतो. यंत्राच्या सर्वांत जवळ उभ्या असलेल्यालाच धोका आधी दिसतो. 'साहेब, आवाज वेगळा येतोय' असे म्हणून काम थांबवणाऱ्याचा त्या दिवसाचा पगार कापला, तर पुढच्या वेळी तो गप्प बसेल.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून व्यावसायिक सुरक्षा व आरोग्याची नवी संहिता लागू झाली आहे. तिच्यानुसार ५०० किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यात सुरक्षा अधिकारी नेमणे बंधनकारक आहे. धोकादायक प्रक्रिया असेल तर ही मर्यादा २५० आहे. म्हणजे तीस-चाळीस माणसांच्या शेडमध्ये सुरक्षेचा खेळाडू एकच, तो म्हणजे मालक किंवा सुपरवायझर.

त्याने रोज सकाळी तीन प्रश्न विचारावेत. आज इथे काय बिघडू शकते? कोणती यंत्रणा कागदावर आहे, पण चालत नाही? या आठवड्यात थोडक्यात काय टळले? तिसऱ्या प्रश्नाला 'काहीच नाही' असे उत्तर सतत येत असेल, तर निर्धास्त होऊ नये. बहुधा लोकांनी सांगणे सोडून दिलेले असते.