गटाराला तीन कोटेशन, समाजाला एक नाव?

आमच्या अवसरी खुर्दमध्ये गटाराचं किंवा रस्त्याचं काम निघालं की काम सुरू होण्याआधी त्याची चर्चा सुरू होते. कोणाचा दर किती, काम कोणाला मिळालं, कमी दराचा माणूस बाजूला का पडला, हे पारावर बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. किरकोळ खरेदीला तीन कोटेशन लागतात आणि मोठ्या कामाला ई-निविदा, हे आता शाळकरी पोरालाही माहीत आहे. ठेका आधीच ठरला होता, असा आरोप तरीही होतो. पण आरोप करणाऱ्याच्या हातात निदान कागद असतो. तो ग्रामसभेत उठून विचारू शकतो.

सरकार जेव्हा गटाराऐवजी आपल्या समाजाचा अभ्यास करायला काढतं, तेव्हा असा कागद आपल्या हातात कुठे असतो?

सप्टेंबर २०२२मध्ये राज्याच्या अल्पसंख्याक विकास विभागाने एक शासन निर्णय काढला. महाराष्ट्रातल्या मुस्लिम समाजाच्या सामाजिक, शैक्षणिक आणि आर्थिक स्थितीचा अभ्यास करण्याचं काम टाटा सामाजिक विज्ञान संस्थेला दिलं गेलं. त्यासाठी सुमारे ३४ लाख रुपये मंजूर झाले. अभ्यास मुस्लिम वस्ती मोठी असलेल्या ५६ शहरांत व्हायचा होता. निर्णय जाहीर झाला तेव्हा दोन बाजूंनी ओरड झाली. काहींना हे लांगूलचालन वाटलं, काहींना ही पाळत वाटली. या गदारोळात साधे प्रश्न मागे पडले. हीच संस्था का? ५६ शहरंच का? आणि कोणते प्रश्न विचारायचे, हे कोणी ठरवलं?

टाटा संस्थेबद्दल माझी तक्रार नाही. तिच्याइतका अनुभव असलेल्या संस्था देशात थोड्याच आहेत. निविदा काढली असती तरी कदाचित तिलाच काम मिळालं असतं. पण नाव शासन निर्णयातूनच कळतं, तेव्हा त्यासोबत कामाची आखणीही ठरून आलेली असते. तिच्यावर बोलायची वेळ निघून गेलेली असते.

आमच्या गावाचं काय झालं ते बघा. २०११च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात मुसलमान ११.५४ टक्के, म्हणजे जवळजवळ एक कोटी तीस लाख. त्यातले बहुसंख्य शहरांत राहतात हे खरं. पण तीस लाखांहून जास्त लोक खेड्यांत आहेत. आंबेगाव आणि जुन्नर तालुक्यांत मुलाणी, तांबोळी, आत्तार, मोमीन, इनामदार अशी घरं गावोगाव विखुरलेली आहेत. कुठे चार, कुठे वीस. आमची वस्ती वेगळी नाही, मोहल्ला नाही. कांद्याच्या भावाने आमचंही घर हलतं, आणि मंचरच्या बाजारात आमचाही माल लिलावात उभा असतो. ५६ शहरांच्या यादीत ही घरं येणारच नव्हती.

खेड्यातल्या मुसलमानाची अडचण शहरातल्यापेक्षा वेगळी आहे. एकच उदाहरण देतो. १९९४मध्ये राज्य सरकारने मुस्लिम समाजातल्या मागास जातींना ओबीसी सवलती देण्याचा निर्णय घेतला. त्यामागे मुस्लिम ओबीसी चळवळीची मोठी मेहनत होती. पण ओबीसी दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. आमच्याकडे तो पुरावा म्हणजे आजोबांचा शाळेचा दाखला. त्या काळच्या गुरुजींनी जातीच्या रकान्यात सरळ ‘मुसलमान’ लिहून टाकलं. गाव त्यांना मुलाणी म्हणायचं, कामही मुलाण्याचं, पण कागदावर मुलाणी नाही. माझ्या नात्यातल्या एका मुलीचा दाखला याच एका शब्दापायी अडकला. एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात खेटे घालण्यात प्रवेशाची मुदत गेली. शेवटी खुल्या गटातून, पूर्ण फी भरून प्रवेश घ्यावा लागला. बापाने त्यासाठी म्हैस विकली.

गावातच सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज आहे आणि त्याच्या नावात ‘संशोधन’ हा शब्दही आहे. पण किती घरांत हा ‘मुसलमान’ शब्द आडवा येतो, हे कोणी मोजलेलं मला माहीत नाही. आखणी करताना खेड्यातलं कोणी समोर असतं, तर हा प्रश्न नक्की पुढे आला असता.

कोणी म्हणेल, संशोधन म्हणजे सिमेंटची पोती नव्हेत, सगळ्यात कमी दर भरणाऱ्याला ते कसं द्यायचं? बरोबर आहे. स्वस्तातलं सर्वेक्षण म्हणजे घरबसल्या भरलेले फॉर्म. पण स्पर्धा म्हणजे फक्त कमी दर नव्हे. केंद्राच्या २०१७च्या सामान्य वित्तीय नियमांत सल्लागार सेवांसाठी गुणवत्ता आणि किंमत दोन्हींना गुण देऊन निवड करण्याची पद्धत आहे. नामनिर्देशनाने, म्हणजे थेट एकाच संस्थेला काम देण्याची मुभाही त्याच नियमांत आहे, पण अपवाद म्हणून. आधीच्या कामाचाच पुढचा टप्पा असेल, आणीबाणी असेल, किंवा ते कौशल्य एकाच संस्थेकडे असेल, तर. आणि तेव्हाही कारण फाइलवर लिहावं लागतं. मेरठ महापालिकेच्या २००६च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही हेच सांगितलं: सरकारी कंत्राट जाहीर लिलावाने किंवा निविदेने द्यावं, थेट देणं हा विरळा अपवाद. राज्याचे खरेदीचे नियम वेगळे असतील, पण तत्त्व वेगळं असायचं कारण नाही.

हा नुसता हिशेबाचा मुद्दा नाही. अशा अभ्यासांवर पुढे आरक्षण उभं राहतं किंवा कोसळतं. २००८मध्ये नेमलेल्या महमूद-उर-रहमान समितीने २०१३मध्ये अहवाल दिला. २०१४च्या जुलैमध्ये मुस्लिमांतल्या मागास गटांना पाच टक्के आरक्षण देणारा अध्यादेश निघाला, तेव्हा सरकारच्या हातात हाच अहवाल होता. नोव्हेंबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने नोकऱ्यांतल्या आरक्षणाला स्थगिती दिली, पण शिक्षणातलं चालू ठेवायला परवानगी दिली. पुढे नव्या सरकारने त्याचा कायदा केला नाही, ती वेगळी कहाणी. मराठा आरक्षणाचंही बघा. गायकवाड आयोगाने वेगवेगळ्या संस्थांकडून माहिती गोळा करवली. ५ मे २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आयोगाच्याच आकड्यांवर बोट ठेवून तो कायदा रद्द केला. आकडे कोर्टात उलटतपासणीला उभे राहणार असतील, तर ते आधी लोकांसमोर उभे राहिलेले बरे.

लहानपणी वडिलांबरोबर बेल्ह्याच्या बैलबाजारात जायचो. तिथे दोन माणसं रुमालाखाली हात घालून बोटं दाबायची आणि सौदा ठरायचा. बघणाऱ्याला भाव कळायचा नाही. भाव कदाचित रास्तही असेल, पण तो रास्त आहे हे कोणाला सिद्ध करता यायचं नाही. मंचरच्या उघड्या लिलावातही शेतकरी नाडला जातो, पण बोली सगळ्यांच्या कानावर पडलेली असते.

उघडेपणाने काय साधतं, याचं उदाहरण चळवळीतच आहे. भारतीय मुस्लिम महिला आंदोलनाने २०१५मध्ये दहा राज्यांतल्या ४,७१० मुस्लिम महिलांना कौटुंबिक कायद्याबद्दल काय वाटतं, ते विचारून प्रसिद्ध केलं. त्यावर टीका झाली. नमुना कसा निवडला, प्रश्न कसे विचारले, यावर लोक भांडले. भांडू शकले, कारण काम समोर होतं. सच्चर समितीचा अहवाल २००६पासून आजही कामी येतो, कारण त्यातला आकडा कुठून आला ते पानापानावर दिसतं.

म्हणून मागणी अगदी साधी आहे. समाजाचा अभ्यास काढताना त्याच्या आखणीचा मसुदा आधी महिनाभर हरकतींसाठी खुला ठेवा. निदान तीन संस्थांकडून प्रस्ताव मागवा आणि गुणवत्तेला जास्त गुण द्या. थेट एकाच संस्थेला काम द्यायचं असेल, तर त्याचं कारण शासन निर्णयातच छापा. नमुन्यात खेड्यांचा वाटा ठरवून घ्या. आणि अहवाल, नावं काढून टाकलेल्या माहितीसह, ठरलेल्या तारखेला प्रसिद्ध करा. २०२४मध्ये राज्य मंत्रिमंडळाने बार्टी-सारथीच्या धर्तीवर अल्पसंख्याकांसाठी ‘मार्टी’ या संशोधन व प्रशिक्षण संस्थेला मंजुरी दिली. हे नियम तिथे पहिल्या कामापासून लागू झाले पाहिजेत. नाहीतर आपल्या नावाची आणखी एक पाटी लागेल आणि व्यवहार रुमालाखालीच राहील.

तोपर्यंत आपल्या हातात माहितीचा अधिकार आहे. दहा रुपयांच्या अर्जात तीन गोष्टी मागता येतात: संस्थेच्या निवडीची टिपणी, करारनामा आणि अंतिम अहवालाची प्रत. कलम ४ तर सांगतं की निर्णयाची कारणं बाधित लोकांना सरकारने स्वतःहून द्यावीत. या अभ्यासांत बाधित आपणच आहोत.

ग्रामसभेत गटाराचा हिशेब मागताना आपल्याला कधी संकोच वाटत नाही. आपल्याच अभ्यासाचा हिशेब मागताना का वाटावा?