नंबर लागला!

मंठ्याहून येणारा रस्ता जेथे फुटून एक वाट सेलूकडे वळते आणि दुसरी चारठाण्यावरून जिंतूरकडे जाते, त्या देवगाव फाट्यावर कोणी अर्धा तास केवळ कान उघडे ठेवून उभा राहिला, तर 'नंबर' हा एकच इंग्रजी शब्द किती भिन्न अर्थांनी त्याच्या कानांवर पडेल, याची कल्पना शहरात बसून भाषेची चिंता वाहणाऱ्यांस सहसा येत नाही. एक जीपवाला दुसऱ्यास बजावतो, "आधी माझा नंबर आहे, सीट मी भरणार"; दवाखान्यातून परतलेली म्हातारी सांगते, "सकाळीच नंबर लावला, तवा कुठं दुपारी आत घेतलं"; कोणाच्या पुतणीचा नर्सिंगला नंबर लागलेला असतो, कोणाचा पुण्याच्या मुलाशी बोलण्यासाठी फिरवलेला नंबर लागत नसतो, कोणाच्या चष्म्याचा नंबर वाढलेला असतो, आणि तूर घरात भरून ठेवलेला शेतकरी खरेदी केंद्रावर नोंदणी करून आपला नंबर कधी येतो या विवंचनेत असतो.

मूळ इंग्रजी शब्दाचा अर्थविस्तारही लहान नाही. व्याकरणातील वचन, जलशातील एखादे गाणे, मासिकाचा अंक, हे सर्व त्या शब्दाच्या पोटात आहे. परंतु त्यांतील वचन आणि गाणे हे अर्थ आपल्या खेड्यांत आले नाहीत, आणि जे अर्थ आपल्या खेड्यांत नांदत आहेत त्यांतील कित्येक इंग्रजांच्या स्वप्नातही नव्हते. 'नंबर लागला' या दोन शब्दांत पाळी आली, प्रवेश मिळाला, दूरध्वनी जुळला, असे तीन निरनिराळे आशय सामावतात. आणि गावातील समवयस्क एकामागून एक जाऊ लागले म्हणजे वृद्ध माणसे 'आता आपला नंबर' असे ज्या शांत स्वरात म्हणतात, त्यात चौथाही सामावतो. हे सामर्थ्य त्या परकीय नामाचे मानावे, की 'लागणे' या आपल्या क्रियापदाचे? ज्या भाषेत भूक लागते, ठेच लागते, आग लागते, नोकरी लागते, झाडाला फळ लागते आणि संसाराची वाट लागते, त्या भाषेने एक परका शब्द हाती घेऊन आपल्या क्रियापदास जोडला आणि त्याच्याकडून आपली कामे करून घेतली, एवढाच याचा अर्थ आहे. 'नंबरानं या रे' असे शिक्षक पोरांना सांगतात, तेव्हा त्या शब्दाला तृतीयेचा प्रत्यय बिनदिक्कत लागलेला असतो. आणि ज्या शब्दाला आपला विभक्तिप्रत्यय लागला व आपले क्रियापद मिळाले, त्याच्या परकेपणाचा वाद मिटला असे समजण्यास हरकत नसावी.

शेजारच्या भाषेशी तुलना केली असता हे अधिक स्पष्ट होते. हिंदीत आणि उर्दूत परीक्षेचे 'नंबर' म्हणजे गुण. मराठीत गुणांना 'मार्क' हा निराळा शब्द मिळाला आणि 'नंबर' वर्गातील स्थानासाठी राखला गेला. ही तुलना बाजूला ठेवली तरी 'एक नंबर' ही आपल्याकडे निर्भेळ प्रशंसा, मग ती बैलजोडीची असो वा भज्यांची. आणि 'दोन नंबर' म्हणजे दुय्यम प्रतीचे असे न होता, कायद्याला चुकवून केलेला व्यवहार व त्यातून आलेला पैसा असा त्यास नैतिक अर्थ प्राप्त झाला. एकाच शब्दाने लोकांनी गुणवत्ता मोजली आणि सचोटीही मोजली.

परंतु या शब्दाचे सर्वांत खोल रुजलेले रूप पाहावयाचे असेल तर शेताच्या बांधावर जावे लागेल. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ या कायद्यात 'सर्व्हे नंबर'ची जी व्याख्या आहे, ती वाचली म्हणजे ध्यानात येते की, कायद्याच्या दृष्टीने सर्व्हे नंबर हा आकडा नसून, ज्याचे क्षेत्र व आकारणी स्वतंत्रपणे दाखल झाली आहे असा जमिनीचा तुकडाच होय. म्हणजे येथे नाव आणि वस्तू यांतील भेद खुद्द कायद्यानेच मिटविला. मराठवाड्यात तर या नंबराला पिढ्यांचा इतिहास आहे. निजामाच्या अमदानीच्या अखेरच्या दशकांत दप्तराची भाषा उर्दू होती. १९४८च्या सप्टेंबरात ती राजवट संपली, आणि पुढे १९५४च्या सुमारास खासरा पाहणी झाली, जिचा उतारा आजही वहिवाटीचा तंटा उपस्थित झाला म्हणजे जुन्या दप्तरातून काढावा लागतो. त्यानंतर एकत्रीकरणाच्या योजनेने गावोगावी सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. आजा सर्व्हे नंबर सांगतो, नातू गट नंबर दाखवितो, आणि दोघे एकाच काळ्या रानाविषयी बोलत आहेत हे सिद्ध करण्यासाठी जुन्या-नव्या नंबरांचा मेळ घालणारा कागद तलाठ्याकडे व भूमि अभिलेख कार्यालयाकडे हेलपाटे घालून मिळवावा लागतो. 'खासरा' फारसी वळणाचा, 'गट' आपला, 'नंबर' इंग्रजी. या तिन्ही शब्दांना एकत्र धरून ठेवणारी वस्तू मात्र ती जमीन, आणि तिच्यासाठी झगडणारा मनुष्य मराठी.

त्याच महसुली दप्तरातून 'सातबारा' हा शब्द जन्मला. गाव नमुना सात हा अधिकार अभिलेखाचा, आणि गाव नमुना बारा हा पिकांच्या नोंदीचा. या दोन नमुन्यांचे नुसते आकडे जोडून लोकांनी एक नाम घडविले आणि त्यावर 'सातबारा कोरा करणे' ही आर्त मागणी उभारली. 'चारशेवीस' हा शब्दही असाच भारतीय दंड संहितेच्या कलमातून आला. ती संहिता १ जुलै २०२४ रोजी निवृत्त होऊन भारतीय न्याय संहिता अंमलात आली, तरी फसव्या माणसाला चारशेवीस म्हणणे काही थांबलेले नाही.

आता प्रश्न 'क्रमांक' या शब्दाचा. स्वातंत्र्यवीर सावरकरांच्या भाषाशुद्धीच्या चळवळीतून रूढ झालेल्या शब्दांत 'दिनांक' व 'महापौर' यांच्याबरोबर 'क्रमांक'ही गणला जातो, आणि तो शब्द मला मनापासून प्रिय आहे; तो नेमका आहे, घाटदार आहे, अर्जावर, गुणपत्रिकेवर, निकालपत्रावर तो शोभतो. तथापि दवाखान्यात कोणी क्रमांक लावीत नाही, आणि चांगल्या कुस्तीला कोणी 'एक क्रमांक' म्हणत नाही. शिवछत्रपतींच्या आज्ञेने रघुनाथपंत हणमंते यांनी राज्यव्यवहारकोश सिद्ध केला, त्याने राजभाषेला स्वत्वाची जाणीव दिली हे निर्विवाद. परंतु त्यानंतरही जमीन, वसूल, अर्ज, तारीख हे फारसी-अरबी शब्द रयतेच्या तोंडी राहिले, आणि त्यामुळे मराठीचे काही उणे झाले नाही. घडविलेला शब्द आणि रुळलेला शब्द या दोहोंना भाषेत जागा आहे. एकाच्या सन्मानासाठी दुसऱ्याला हद्दपार करण्याचे प्रयोजन नाही.

मराठीवर संकट आहे हे मी मानतो, आणि ते तीव्रतेने मानतो. परंतु ते संकट फाट्यावरच्या 'नंबर'मध्ये नाही. वैद्यक, विज्ञान, न्याय, अर्थकारण ही संपूर्ण क्षेत्रे मराठीतून विचार करणे सोडून देत आहेत आणि मुले आपल्या भाषेतील वाक्यच पुरे करीनाशी झाली आहेत, ते खरे संकट होय. एखादे नाम परके आले तर भाषा ते पचविते. क्रियापद आणि वाक्याची घडण परकी होऊ लागली म्हणजे मात्र भाषेचा कणाच वाकतो. आपली जागरूकता या दुसऱ्या ठिकाणी हवी असताना आपण ती पहिल्या ठिकाणी खर्च करीत आहो, आणि त्यायोगे साध्या माणसाच्या मनात, आपली मराठी अशुद्ध आहे, असा नाहक न्यूनगंड निर्माण करीत आहो.

म्हणून दोन गोष्टी कराव्यात असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. लोकांसाठी लावलेल्या शासकीय सूचनांत, 'नोंदणी क्रमांकानुसार अनुक्रमे पाचारण करण्यात येईल' असल्या वाक्यांऐवजी 'नंबराप्रमाणे बोलावू' असे लिहावे. त्याने राजभाषेचा मान कमी होणार नाही, कारण जी समजत नाही ती भाषा कोणाचाच मान राखीत नाही. दुसरे असे की, मोल्सवर्थने १८३१ साली, आणि दाते-कर्वे यांनी १९३२ पासून सात खंडांत, ज्या निष्ठेने जनतेच्या तोंडचे शब्द त्यांच्या अर्थच्छटांसह नोंदविले, त्याच निष्ठेने आजचे कोशकार्य व्हावे. 'नंबर' या शब्दापुढे 'आकडा, क्रमांक' एवढे लिहून भागणार नाही. लावणे, लागणे, येणे, काढणे, वाढणे या प्रत्येक क्रियापदाबरोबरचा त्याचा अर्थ, तो कोणत्या जिल्ह्यात कसा बोलला जातो यासह, उदाहरण देऊन नोंदवावा लागेल. २०२४च्या ऑक्टोबरात मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्या दर्जाच्या निमित्ताने जुन्या पोथ्यांकडे लक्ष जाईल ते योग्यच, पण सेलू, जिंतूर, परभणी येथील महाविद्यालयांच्या मराठी विभागांनी आपले विद्यार्थी वही-पेन्सिलीसह फाट्यांवर, बाजार समित्यांत, तलाठी कार्यालयांत पाठवून हा शब्दसंग्रह याच पिढीत सुरू करावा. खासरा आणि सर्व्हे नंबर यांचा अर्थ स्वानुभवाने सांगू शकणारी माणसे दरवर्षी कमी होत आहेत, आणि त्यांच्याबरोबर जाणारा शब्दार्थ नंतर कोणत्याही दप्तरात सापडणार नाही.