कुठे गेला आपला संघ?

महिंद्रा युनायटेडने राष्ट्रीय फुटबॉल लीग जिंकली, त्याला यंदा २० वर्षे झाली. २००५-०६च्या त्या हंगामापर्यंत हे विजेतेपद पंजाबच्या जेसीटीकडे, कोलकात्याच्या मोहन बागान आणि ईस्ट बंगालकडे, गोव्याच्या साळगावकर आणि धेंपोकडे गेले होते. मुंबईच्या वाट्याला ते पहिल्यांदाच आले. डेरिक परेरा प्रशिक्षक, पुढच्या फळीत ब्राझीलचा होझे बॅरेटो आणि घानाचा युसुफ याकुबू. त्याच हंगामात या संघाने फेडरेशन चषकही जिंकला होता. एवढ्या विजयाची विशी साजरी करायची तर यजमान हवा, आणि यजमानच उरलेला नाही. १९६२ साली सुरू झालेला हा संघ कंपनीने २०१० मध्ये बंद केला.

वसईत, नायगावात, नालासोपाऱ्यात, विरारात मात्र या संघाची आठवण धरून असलेली माणसे आजही भेटतात. वसईच्या ख्रिस्ती गावांत फुटबॉल कोणाला शिकवावा लागत नाही. रविवारचा मिस्सा आटोपला की मैदानावर चेंडू येतो, आणि पावसाळ्यात चिखल झाला तरी खेळ थांबत नाही. कूपरेजला सामना असला की ही मंडळी विरारहून गाडी धरत, चर्चगेटला उतरून चालत मैदान गाठत. आज इंडियन सुपर लीगमधल्या (आयएसएल) मुंबई सिटीच्या सामन्यांसाठी अंधेरीला उतरावे लागते. सामना साडेनऊला संपतो आणि परतीच्या विरार फास्टमध्ये गर्दीत उभ्या-उभ्या चर्चा सुरू होते. आज कोण कसे खेळले हे बोरिवलीच्या आत संपते. त्यापुढचा सगळा रस्ता एकाच प्रश्नाचा असतो : आपला तो अमका आता कुठे असतो?

या प्रश्नाला मिळणारी उत्तरे ऐकण्यासारखी असतात. महंमद रफी? महिंद्राच्या शेवटच्या हंगामात त्याने १४ गोल केले, मग चर्चिल ब्रदर्सला गेला, आणि २०१६ला केरळ ब्लास्टर्सकडून आयएसएलच्या अंतिम सामन्यात हेडरने गोल मारला. बॅरेटो? परत मोहन बागानला गेला, तिथला देव झाला, आणि निवृत्तीनंतर नवी मुंबईत रिलायन्स फाउंडेशनच्या मुलांना शिकवायला आला. स्टीव्हन डायस? चर्चिल, मग मुंबई एफसी, आणि पुढे जमशेदपूरला प्रशिक्षक खालिद जमील म्हणजे खालिदभाईंचा सहायक. खालिदभाई राष्ट्रीय संघाकडे गेल्यावर जमशेदपूरची मुख्य जबाबदारी काही काळ त्याच्याकडेच होती. सांगणाऱ्याच्या हातात कागद नसतो. वीस-वीस वर्षांची माहिती तोंडपाठ असते, आणि एकाची चूक झाली तर शेजारचा लगेच दुरुस्त करतो.

बाहेरच्या माणसाला ही रिकामटेकड्यांची बडबड वाटेल. आम्हाला तसे वाटत नाही. ज्या शहरात फुटबॉल क्लब एकामागून एक बंद पडत गेले, तिथे त्यांचा इतिहास एवढ्याच एका ठिकाणी शिल्लक आहे. मफतलाल, ओर्के मिल्स, टाटा, एअर इंडिया, ओएनजीसी, महिंद्रा, मुंबई एफसी. यांतल्या किती संघांच्या खेळाडूंची पूर्ण यादी आज एखाद्या कचेरीत मागितल्यावर मिळेल? १८९१ पासून चाललेला रोव्हर्स चषक तर गेली दोन तपे भरलेलाच नाही.

जुन्या काळी ‘कुठे गेला?’ हा प्रश्न वेगळ्या रीतीने सुटत असे. कंपनीचा संघ म्हणजे कंपनीची नोकरी. १९५६च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल करणारे नेव्हिल डिसोझा टाटा आणि कॅल्टेक्स या कंपन्यांच्या संघांतून खेळले. खेळाडूचे पाय थकले की तो त्याच कंपनीच्या टेबलावर बसत असे. कोण कुठे गेला, याचे उत्तर बहुधा ‘इथेच आहे’ असे असायचे. कॅल्टेक्सचा संघ गेला, पुढे भारतातली ती कंपनीही हिंदुस्थान पेट्रोलियममध्ये विलीन झाली. पण पेन्शनचे कागद तरी कोणाकडे तरी राहिले. मग व्यावसायिक फुटबॉलचे नियम आले. आशियाई महासंघाच्या परवान्याच्या अटींत बसत नाहीत म्हणून २०१३ मध्ये एअर इंडिया आणि ओएनजीसी आय-लीगबाहेर काढले गेले. नियमांमागचा हेतू चांगला होता. क्लबांना स्वतंत्र कंपनी हवी, वयोगटांचे संघ हवेत, हिशेब हवेत. परिणाम असा झाला की नोकरीचा आधार गेला आणि त्या जागी एका-दोन वर्षांचे करार आले. हे करार सहसा ३१ मे रोजी संपतात. म्हणून आपल्याकडे पहिल्या पावसाबरोबर फुटबॉलवाल्यांच्या बोलण्यात ‘फ्री झाला’, ‘लोनवर गेला’, ‘साइन केलं’ हे शब्द येतात.

मुंबई एफसीची गोष्ट या सगळ्यात आम्हाला सर्वांत जास्त बोचते. २००७ मध्ये क्लब सुरू झाला. खालिद जमील आधी त्याचा खेळाडू, मग २००९ पासून सात हंगाम प्रशिक्षक. पैसा बेताचा, नावाजलेले खेळाडू जवळपास नाहीत; तरी त्याच्या हाताखाली क्लब एकदाही खालच्या श्रेणीत घसरला नाही. २०१६ मध्ये त्याला जावे लागले. तो मिझोरामच्या ऐझॉल एफसीला गेला. हा संघ आदल्या हंगामात घसरला होता. गोव्याचे क्लब लीगमधून बाहेर पडले म्हणून त्याला परत जागा मिळाली. मुंबई एफसीतून खेळलेले जयेश राणे आणि आशुतोष मेहता त्याच्याबरोबर तिकडे होते. ३० एप्रिल २०१७ रोजी शिलाँग लाजाँगशी १-१ अशी बरोबरी करून ऐझॉल आय-लीगचा विजेता ठरला. त्याच हंगामात मुंबई एफसी तळाला जाऊन लीगबाहेर पडला, आणि त्यानंतर क्लबच मिटला. मुंबईने सोडून दिलेली माणसे हजारो किलोमीटरवर जाऊन देशाचे विजेते झाली, आणि ज्या जर्सीत ती घडली ती जर्सी त्याच वर्षी संपली. भारतीय फुटबॉलच्या गेल्या पंचवीस वर्षांत याहून बोलकी घटना आम्हाला आठवत नाही.

तोच खालिद जमील १ ऑगस्ट २०२५ रोजी भारतीय संघाचा प्रशिक्षक नेमला गेला. महिंद्रा, एअर इंडिया, मुंबई एफसी या तिन्ही संघांकडून तो खेळला. त्याच्या कारकिर्दीतला प्रत्येक मुंबईचा क्लब आज बंद आहे. देशाच्या प्रशिक्षकाला आपल्या जुन्या क्लबात जाऊन एक चहा घ्यावासा वाटला, तर मुंबईत त्याला तशी एकही जागा नाही.

आता मुंबई सिटीकडे येऊ, कारण चर्चेतला राग बहुतेक तिथला असतो. या क्लबने २०२०-२१ मध्ये लीग आणि चषक दोन्ही जिंकले, २०२२-२३ मध्ये पुन्हा लीग, आणि ४ मे २०२४ रोजी कोलकात्यात मोहन बागानला ३-१ असे हरवून पुन्हा चषक. प्रत्येक यशानंतर संघ विरघळला. पहिल्या चषकाचा कर्णधार अमरिंदर सिंग काही महिन्यांतच कोलकात्याला निघाला. ह्यूगो बूमूसही तिकडेच. अहमद जाहू आणि मुर्तदा फॉल ओडिशाला गेले. दुसऱ्या चषकानंतर अपुइया मोहन बागानला, तर कर्णधार राहुल भेके बंगळुरूला. भेके तर आपल्या मुंबईचा. मुंबई एफसीत वाढला, २०१९च्या अंतिम सामन्यात बंगळुरूकडून खेळताना अंधेरीच्याच मैदानावर जादा वेळेत विजयी गोल केला, मग घरी आला. एप्रिल २०२२ मध्ये इराकच्या एअर फोर्स क्लबविरुद्ध त्याने डोक्याने मारलेल्या गोलावर आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये भारतीय क्लबचा पहिला विजय लिहिला गेला. असा माणूस परत बंगळुरूला जातो तेव्हा डब्यात ‘पैशासाठी गेला’ हे वाक्य येतेच.

हे वाक्य आम्हाला अन्यायाचे वाटते. फुटबॉलपटूची कमाईची वर्षे दहा-बारा. गुडघा एकदा गेला की तीही नाहीत. त्याने ज्या क्लबांवर विसंबून घर उभे केले त्यांतले अर्धे त्याच्या डोळ्यांदेखत बंद पडले. क्लब उद्या असेल की नाही याची खात्री नसताना त्याच्याकडून निष्ठा मागायची कशाच्या आधारावर? खेळाडू सांगून जातो. करार संपतो, तारीख ठरलेली असते, नवा क्लब फोटोसकट जाहीर करतो. मालक मात्र एका प्रसिद्धिपत्रकावर जातो. गेल्या डिसेंबरात मँचेस्टरच्या सिटी फुटबॉल ग्रुपने मुंबई सिटीतली आपली हिस्सेदारी सोडली. २०१९ मध्ये ६५ टक्के मालकी घेताना ज्यांच्या स्वागताला ढोल वाजले, ते जाताना समर्थकांशी बसून बोलले का? खेळाडू कुठे गेला याचा माग आपण इतक्या बारकाईने ठेवतो. मालक कुठे गेला आणि का गेला, हे विचारायची सवय आपण लावून घेतलेली नाही.

विरारचाच पृथ्वी शॉ घ्या. गेल्या वर्षी तो मुंबई सोडून महाराष्ट्राच्या क्रिकेट संघात गेला आणि विरारमध्ये नाक्यानाक्यावर त्यावर वाद झाले. पण त्यात एक निश्चिंती होती. पृथ्वी गेला तरी मुंबईचा रणजी संघ जागेवर आहे, पुढेही असेल. घर उभे असले की गेलेल्या मुलाविषयी रागाने बोलता येते, त्याची वाटही पाहता येते. पुण्याच्या फुटबॉल समर्थकांना एवढेही सुख लाभले नाही. एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये मिटला आणि त्याची आयएसएलमधली जागा हैदराबादला गेली. मुंबईचा निखिल पुजारीसारखा खेळाडू जागेबरोबर तिकडे गेला आणि २०२१-२२ मध्ये हैदराबादचा विजेता म्हणून चषक उचलून आला. त्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधवही होता. २०२५ मध्ये हैदराबादची तीच जागा दिल्लीला हलली. सहा वर्षांत तीन शहरे. पुण्याच्या समर्थकाने आपला संघ शोधायला निघायचे तर कोणत्या गाडीत बसायचे?

कोल्हापुरात असे होत नाही, आणि त्याचे कारण साधे आहे. पाटाकडील, खंडोबा, शिवाजी, दिलबहार ही नावे तालमींची आणि पेठांची आहेत. हंगामापूर्वी एका तालमीचा खेळाडू दुसरीकडे गेला की पेठेत दोन-चार दिवस आग असते, पण तालीम स्वतः उठून दुसऱ्या शहरात जाऊ शकत नाही. तिचा मालक ती पेठच आहे.

लंडनच्या विंबल्डन भागातल्या लोकांनी हेच करून दाखवले. २००२ मध्ये त्यांचा क्लब मिल्टन कीन्सला हलवायला परवानगी मिळाली, तेव्हा समर्थकांनी त्याच वर्षी एएफसी विंबल्डन हा स्वतःचा क्लब काढला. तो इंग्लिश फुटबॉलच्या बऱ्याच खालच्या पायरीपासून चढत २०११ मध्ये फुटबॉल लीगमध्ये पोहोचला आणि २०२० मध्ये आपल्या जुन्या प्लाउ लेनवर परतला. त्यांनी मागितलेली गोष्ट फार मोठी नव्हती : नाव, आठवणी आणि मैदान आमच्या गल्लीत राहू द्या.

वसई-विरारची लोकसंख्या २०११च्या जनगणनेतच १२ लाखांवर होती. एवढ्या मोठ्या शहराच्या नावाचा संघ देशाच्या वरच्या लीगमध्ये कधी उतरला नाही. इथला मुलगा चांगला खेळू लागला की पहिल्या दिवसापासून तो दुसऱ्या कुणाचा खेळाडू होतो. पहाटेची गाडी, वांद्रे नाहीतर अंधेरी, आणि दुपारी शाळा. म्हणून आमच्या भागात ‘कुठे गेला?’ हा प्रश्न खेळाडूच्या चौदाव्या-पंधराव्या वर्षीच विचारला जातो. या मुलांची नोंद ठेवणारे कोणी हवे. महापालिकेने मैदाने टर्फच्या ठेकेदारांना देण्याआधी गावोगावच्या फुटबॉल मंडळांना बोलवावे, त्यांचा एक सभासदांच्या मालकीचा शहर-क्लब उभा राहील एवढी जागा आणि काही वर्षांची हमी द्यावी. मैदान कोणाच्याही नावावर चढता कामा नये.

आणि अखिल भारतीय फुटबॉल महासंघ व वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन यांच्याकडे आमची मागणी परवान्यापुरती आहे. क्लबला परवाना देताना वयोगटांचे संघ, मैदान, हिशेब हे सगळे तपासले जातेच. त्यात आणखी तीन अटी घालाव्यात. बंद करायचे किंवा शहर सोडायचे असेल तर एक पूर्ण हंगाम आधी जाहीर सूचना. वयोगटांतल्या प्रत्येक मुलाला दुसरा क्लब मिळेपर्यंत त्याच्या सरावाचा खर्च मालकाकडे. आणि खेळाडूंच्या नोंदी, छायाचित्रे, करंडक व क्लबचे नाव त्या शहरातल्या समर्थकांच्या नोंदणीकृत संस्थेच्या हवाली. भारतीय फुटबॉलची घडी सध्या नव्याने बसवली जात आहे. पुढच्या हंगामाच्या परवान्यांचे अर्ज भरले जातील त्याआधी या अटी लिहून काढायला एका बैठकीपेक्षा जास्त वेळ लागू नये.