परांचीवरच्या जिवाचा जामीन कोण?

ज्या लखनौ शहरात १७८४ च्या दुष्काळात नवाब आसफउद्दौला यांनी इमामबाड्याचे काम काढून उपासमारीने गांजलेल्या रयतेच्या हाताला रोजगार दिला, त्याच शहरात आज गोमतीनगर विस्तारात आणि शहीद पथाच्या दुतर्फा गगनचुंबी इमारती उभ्या राहत असताना, त्या बांधणाऱ्या मजुराच्या जिवाचा जामीन कोण, हा प्रश्न प्रत्येक सुबुद्ध नागरिकाने विचारलाच पाहिजे.

परांची कोसळते ती बहुधा अकस्मात नव्हे. खांबांच्या बुडाशी फळी न घालता ते मऊ भरावात टेकवलेले असतात. परांचीला भिंतीशी जखडणारे आडवे दुवे गिलाव्याच्या वेळी अडथळा म्हणून काढले जातात आणि पुन्हा बसवण्याचे कोणाच्या ध्यानी राहत नाही. मजुराच्या कमरेला पट्टा असतो, परंतु त्याचा आकडा अडकवावा असा भक्कम दोर वर ताणलेला नसतो. अशा स्थितीत वैशाख-ज्येष्ठातली आंधी उठली, की जे घडते त्याला दैवयोग म्हणणे हा सत्याचा अपलाप होय.

यारीची, म्हणजे क्रेनची, कथा याहून भीषण आहे. ३१ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर शहापूर तालुक्यात सरलांबे येथे समृद्धी महामार्गाच्या पुलावर तुळया चढवणारी अजस्र यंत्रणा कोसळून २० जणांचा बळी गेला; पोटासाठी उत्तर प्रदेशासारख्या दूरच्या प्रांतांतून आलेले मजूरही त्यांत होते. म्हणून लखनौचा हा प्रश्न महाराष्ट्राला परका नाही.

कायद्याची उणीव आहे, असेही नाही. बांधकाम कामगारांसाठी १९९६ चा अधिनियम झाला. १९९८ च्या केंद्रीय नियमांनी उचल-यंत्रांची दर बारा महिन्यांनी सर्वांगीण तपासणी आणि पाच वर्षांतून एकदा तरी भार-चाचणी बंधनकारक केली. परंतु मालक, कंत्राटदार, पोटकंत्राटदार आणि मुकादम अशा उतरंडीत जबाबदारी इतकी विभागली जाते, की दप्तरी दाखला असतो आणि प्रत्यक्ष परांचीला धनी नसतो.

मजूरच पट्टा बांधत नाही, अशी कैफियत कंत्राटदार देतात. पण ज्याची रोजची भाकरी मुकादमाच्या मर्जीवर अवलंबून आहे, त्याने धोक्याच्या फळीवर चढण्यास नकार द्यावा, ही अपेक्षा न्यायाची नव्हे. म्हणून प्रत्येक परांचीवर आणि यारीवर त्या दिवशीच्या तपासनिसाचे नाव व सही असलेली पाटी लागावी. वादळपावसानंतर नव्याने तपासणी झाल्याखेरीज कोणी वर चढू नये. काम थांबवण्याचा पूर्ण अखत्यार त्या तपासनिसास असावा, आणि त्याचा पगार काम लवकर उरकण्यावर अवलंबून नसावा. प्रत्येक अपघाताचा चौकशी अहवाल सरकारने मुदतीत प्रसिद्ध करावा. मृताच्या वारसांना नुकसानभरपाई देणे हे सरकारचे कर्तव्य खरेच. परंतु त्या कुटुंबाचा पहिला हक्क, कामावर गेलेला माणूस धडधाकट घरी परतावा, हा आहे.